ग्रुप वाचणारी सर्व्हिस कधी पडते, कधी असलेला ग्रुप "नाही" म्हणते: सी प्रोग्राममधलं समस्या निवारण

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. लिनक्सवर सीमध्ये लिहिलेली एक सर्व्हिस आहे. युजर कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे ते पाहून ती फोल्डर उघडायचा की नाही हे ठरवते. महिनोन्‌महिने बिनबोभाट चालते. मग कधीतरी, बहुतेक वेळा कामाची गर्दी असताना, सेगमेंटेशन फॉल्ट (हक्काच्या नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन पडते. रीस्टार्ट केली की पुन्हा सुरळीत. कोणीतरी त्यावर उपाय करतं, पडणं थांबतं, आणि काही दिवसांनी नवीन तक्रार येते: लॉगमध्ये "ग्रुप सापडला नाही" असं दिसतंय, पण टर्मिनलवर नोंदी दाखवणारी "गेटेंट ग्रुप" ही कमांड ग्रुपचं नाव देऊन चालवली की तोच ग्रुप समोर हजर. तेही निस्तरलं की तिसरी: अमुक आर्टिस्टला स्वतःच्याच प्रोजेक्टचा फोल्डर उघडत नाही.

या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून तिकिटांमध्ये नोंदल्या जातात आणि तीन वेगवेगळी माणसं त्या सोडवतात. मूळ मात्र एकच आहे. ग्रुपची माहिती विचारली की उत्तर तीन प्रकारचं असू शकतं: आहे, नाही, आणि कळलं नाही. प्रोग्राम यातली शेवटची दोन उत्तरं एकत्र करतो, किंवा मिळालेली नोंद कोणाच्या मेमरीत आहे याचा विचार करत नाही, आणि अर्धवट दुरुस्तीमुळे तोच बिघाड नवं रूप घेऊन परत येतो.

आमच्याकडचं उदाहरण असं. अंधेरीत सिनेमा आणि जाहिरातींच्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम करणारा स्टुडिओ आहे. प्रत्येक सिनेमाचा एक ग्रुप, प्रत्येक जाहिरातीचा एक, शिवाय रोटो, कॉम्प, लायटिंग, एडिट अशा विभागांचे वेगळे. एकेक माणूस सहज पंधरा-वीस ग्रुपमध्ये असतो आणि मोठ्या सिनेमाच्या ग्रुपमध्ये शेकडो माणसं असतात. म्हणजे ग्रुपच्या नोंदी वाचताना जे जे बिघडू शकतं ते सगळं इथे बिघडतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरचा "दादा, परमिशनवाली सर्व्हिस परत बसली" असा फोन आला की पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासायच्या.

पडते कशामुळे

ग्रुप वाचायची जुनी फंक्शन्स तीन: नावावरून शोधणारं गेटजीआरनॅम, क्रमांकावरून शोधणारं गेटजीआरजीआयडी आणि ओळीने एकेक नोंद देणारं गेटजीआरएंट. तिन्ही एका स्ट्रक्चरचा पॉइंटर देतात. त्यात ग्रुपचं नाव, पासवर्डची जागा, ग्रुपचा क्रमांक आणि सदस्यांच्या नावांची यादी असते. यादीचा शेवट नलने होतो.

हा पॉइंटर लायब्ररीच्या स्वतःच्या मेमरीत जातो. ती जागा तुमची नाही, तुम्ही ती फ्री करायची नाही आणि पुढच्या कॉलनंतर तिच्यावर विसंबायचं नाही. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरसारखं आहे हे: पुढची लोकल लागली की आधीच्या गाडीचं नाव तिथे राहत नाही.

एकाच थ्रेडमध्येही हे चटका देतं. एका प्रिंटएफमध्ये दोन क्रमांकांसाठी दोनदा गेटजीआरजीआयडी बोलावून दोन नावं छापायला जा, बहुधा तेच नाव दोनदा छापलं जाईल. फाइल एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये गेल्याची नोंद "कॉम्पवरून कॉम्पकडे" अशी दिसत असेल, तर कारण हेच. शिवाय त्या क्रमांकाला नावच नसेल तर फंक्शन नल देतं, आणि नलमधून नाव काढायला गेलेला प्रोग्राम तिथल्या तिथे पडतो. कंटेनरमध्ये, किंवा दुसऱ्या मशीनवरून आलेल्या डिस्कवर, नाव नसलेले क्रमांक अगदी नेहमीचे असतात. अशा वेळी क्रमांकच छापावा, आणि तो चिन्हरहित आहे हे लक्षात ठेवून छापावा.

मल्टीथ्रेडेड सर्व्हिसमध्ये प्रकरण जास्त वाईट. एक थ्रेड सदस्यांची यादी वाचत असतो, तेवढ्यात दुसरा थ्रेड दुसऱ्या ग्रुपची चौकशी करतो आणि यादी पायाखालून बदलते. आता ही सर्व्हिस महिनोन्‌महिने का पडत नाही, तेही बघण्यासारखं आहे. जीलिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, प्रत्येक फंक्शनसाठी एक स्थायी बफर असतो. एखादी नोंद त्यात मावली नाही तर लायब्ररी तो रीअलॉक करून वाढवते. छोटे ग्रुप असतात तोवर बफर जागच्या जागी असतो, त्यामुळे गोंधळ झाला तरी फार तर चुकीचं नाव मिळतं. ज्या दिवशी पहिल्यांदा एखादा मोठा ग्रुप विचारला जातो, त्या दिवशी बफर दुसरीकडे हलू शकतो आणि आधीचे पॉइंटर मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बघत राहतात. कोर डंपमध्ये स्ट्रिंगची तुलना करणाऱ्या फंक्शनवर गाडी अडकलेली दिसते, आणि माणसं तासन्‌तास त्या तुलनेत दोष शोधत बसतात. दोष तिथे नाही. नवीन सिनेमा सुरू झाला, त्याच्या ग्रुपमध्ये एकदम दीडशे नावं पडली आणि त्याच आठवड्यात सर्व्हिस पडायला लागली, असा योग दिसला तर थेट इथे बघा.

एक गोष्ट फसवी आहे. जीलिबसीमध्ये गेटजीआरनॅम आणि गेटजीआरजीआयडी यांचे बफर वेगळे असल्यामुळे एकाचा निकाल धरून दुसरं बोलावलं तरी निभावून जातं. मसल लायब्ररीत, म्हणजे अल्पाइनच्या कंटेनरमध्ये, दोघांची जागा एकच असते. पॉझिक्स मानकाने दोन्ही पद्धतींना मुभा दिली आहे. म्हणून "आमच्या सर्व्हरवर चालतं, कंटेनरमध्ये टाकलं की चुकीचा ग्रुप येतो" ही तक्रार ऐकली तर कंटेनरला दोष देऊ नका.

उपाय, आणि त्यातला खड्डा

उपाय माहितीचा आहे: नावाच्या शेवटी अंडरस्कोर आर असलेली रूपं वापरायची. गेटजीआरनॅम_आर आणि गेटजीआरजीआयडी_आर १९९५ च्या पॉझिक्स थ्रेड मानकापासून आहेत. यांना तुम्ही स्वतःचं स्ट्रक्चर देता, स्वतःचा बफर देता, त्याचा आकार सांगता आणि निकालासाठी एका पॉइंटरचा पत्ता देता. नोंद तुमच्या जागेत येते, त्यामुळे दुसरा थ्रेड तिला हात लावू शकत नाही.

बफर केवढा द्यायचा? सिसकॉन्फला (प्रणालीच्या मर्यादा सांगणाऱ्या फंक्शनला) ग्रुपच्या बफरचा आकार विचारा असं प्रत्येक जण सांगतो, आणि खड्डा नेमका इथेच आहे. जीलिबसी तिथे १०२४ सांगते. हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे, कमाल मर्यादा नव्हे. त्या स्थिरांकाच्या नावात "मॅक्स" आहे म्हणून वाचणारा फसतो. काही प्रणालींवर सिसकॉन्फ उणे एक देतं, म्हणजे ठरलेली मर्यादा नाही. ते उणे एक तसंच साइझ_टीमध्ये टाकून मॅलॉकला दिलं की अवाढव्य आकडा होतो आणि मॅलॉक नल देतं.

१०२४ बाइटमध्ये किती माणसं मावतात ते हाताने मोजून बघा. नाव दहा अक्षरी धरलं तर नावाचे १० बाइट, शेवटचा एक, आणि यादीतल्या पॉइंटरचे ६४-बिट मशीनवर ८. झाले १९. म्हणजे साधारण पन्नास सदस्य झाले की बफर भरला. त्यापुढे फंक्शन ईरेंज हा कोड देतं: बफर पुरला नाही, मोठा घेऊन ये.

जुनं गेटजीआरनॅम हे काम आतल्या आत करून घेत होतं, बफर लहान पडला तर स्वतःच वाढवत होतं. नव्या फंक्शनमध्ये ती जबाबदारी तुमच्याकडे आली. ज्याने घाईत क्रॅश दुरुस्त केला त्याने स्टॅकवर १०२४ चा ॲरे घेतला, फंक्शन बोलावलं आणि निकाल नल आला तर "ग्रुप सापडला नाही" असं लिहून मोकळा झाला. चाचणीत दहा-बारा माणसांचे ग्रुप होते, सगळं पास. प्रत्यक्षात पन्नासाच्या वरचा प्रत्येक ग्रुप प्रोग्रामच्या दृष्टीने नाहीसा झाला. पहिली तक्रार बंद होऊन दुसरी सुरू होते ती अशी. पहिल्या रूपात सर्व्हिस निदान पडत तरी होती, सगळ्यांना कळत होतं. या रूपात ती शांतपणे चुकीचा निर्णय देत राहते, म्हणून मी हे रूप जास्त धोकादायक मानतो.

योग्य क्रम कसा असावा ते सरळ मांडतो. प्रत्यक्ष सीमध्ये लिहिताना हा सांगाडा जसाच्या तसा ठेवा:

आकार = सिसकॉन्फने सुचवलेला आकडा; तो शून्य किंवा उणे असेल तर १०२४
बफर = मॅलॉक(आकार); मिळाला नाही तर "कळलं नाही" परत द्या
पुन्हा:
कोड = गेटजीआरनॅम_आर(नाव, &ग्रुप, बफर, आकार, &निकाल)
कोड ईइंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला) असेल → त्याच बफरने "पुन्हा"
कोड ईरेंज असेल → आकार दुप्पट. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर बफर फ्री आणि "कळलं नाही". नाहीतर रीअलॉक करून "पुन्हा"
कोड दुसरा काही असेल, शून्य नसेल → बफर फ्री, कोड लॉगमध्ये, "कळलं नाही"
कोड शून्य आणि निकाल नल → बफर फ्री, "नाही"
कोड शून्य आणि निकाल भरलेला → "आहे". स्ट्रक्चर आणि बफर दोन्ही कॉलरच्या हवाली

यातल्या काही ओळींवर थांबायला हवं. कोड हा फंक्शनच्या परतीच्या मूल्यात येतो. एररनोमध्ये, म्हणजे लायब्ररी जिथे एरर कोड ठेवते त्या व्हेरिएबलमध्ये, काय असेल याची हमी नाही. त्यामुळे एरर आल्यावर एररनो वाचणाऱ्या पीएररने संदेश छापला तर "सक्सेस" असंही छापून येऊ शकतं. आमच्या टीममधल्या एका मुलीने हा लॉग दाखवून विचारलं होतं, "सर, सक्सेस म्हणतंय तर मग ग्रुप का देत नाही?" प्रश्न रास्त होता. परतीचा कोड व्हेरिएबलमध्ये धरायचा आणि त्याचाच संदेश एसटीआरएररने काढायचा. जुन्या फंक्शन्सचं याच्या उलट आहे: तिथे कॉलच्या आधी एररनो शून्य करायचा आणि नल आल्यावर तो तपासायचा. तो शून्यच राहिला तर ग्रुप नाही असं समजायचं. तरीही तिथे पूर्ण खात्री मिळत नाही, कारण नुसता ग्रुप नसला तरी काही प्रणाली ईएनओएंट किंवा ईएसआरसीएच असा एरर कोड लावून ठेवतात. अंडरस्कोर आर घेण्याचं माझ्यासाठी हे दुसरं मोठं कारण आहे: इथे "नाही" आणि "कळलं नाही" वेगवेगळ्या दारांनी बाहेर येतात.

रीअलॉकचा निकाल आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या. थेट बफरमध्ये घेतला आणि मेमरी मिळाली नाही, तर जुना बफर हातातून जातो आणि गळती सुरू होते. मर्यादा हवीच, नाहीतर एखाद्या बिघडलेल्या मॉड्यूलने सतत ईरेंज दिला तर सर्व्हिस सगळी मेमरी खाईल. १ एमबी पुरेशी आहे. वरच्याच हिशेबाने त्यात पन्नास हजारांहून जास्त सदस्य मावतात.

आणि शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. स्ट्रक्चरमधलं नाव, सदस्यांची यादी, सगळे पॉइंटर बफरच्या आतच बोट दाखवतात. स्ट्रक्चर कॉपी करून परत दिलं आणि बफर फ्री केला, किंवा बफर फंक्शनच्या स्टॅकवरच होता, तर कॉलरच्या हातात पोकळ पॉइंटर येतात. पहिला क्रॅश मागच्या दाराने परत आला. स्ट्रक्चर आणि बफर एकाच मोठ्या स्ट्रक्चरमध्ये बांधून ठेवा आणि दोन्ही एकदम मोकळं करणारं एकच फंक्शन लिहा. रिव्ह्यूमध्ये मी पहिल्यांदा हेच शोधतो: बफरचं आयुष्य नोंदीपेक्षा लहान तर नाही ना?

गेटजीआरएंटलाही जीलिबसीमध्ये अंडरस्कोर आर रूप आहे, पण त्याने फसू नका. बफर तुमचा असला तरी "आता कितव्या नोंदीवर आहोत" ही खूण सगळ्या प्रोसेसमध्ये एकच असते. दोन थ्रेड एकाच वेळी यादी वाचू लागले की काही नोंदी एकाला मिळतात, काही दुसऱ्याला. शक्य असेल तर सगळे ग्रुप ओळीने वाचायच्या फंदात पडूच नये, कारण एसएसएसडी (मध्यवर्ती सर्व्हरवरून युजर आणि ग्रुपची माहिती आणून देणारी सेवा) वापरत असाल तर त्याची एन्युमरेशनची, म्हणजे सगळी यादी देण्याची, सेटिंग मुळात बंद असते. नुसतं "गेटेंट ग्रुप" चालवलं तर डिरेक्टरीतले (म्हणजे त्या मध्यवर्ती सर्व्हरवरचे) ग्रुप दिसत नाहीत, नावानिशी विचारलं तर दिसतात. "यादीत नाही म्हणजे ग्रुप नाही" असं मानणारा प्रोग्राम इथे हमखास चुकतो.

माणूस ग्रुपमध्ये आहे, पण यादीत नाही

तिसरी तक्रार. ग्रुप नीट सापडतो, सदस्यांची यादी नीट वाचली जाते, तरी युजरला प्रवेश नाही.

पहिलं कारण: प्रायमरी ग्रुप. युजरचा मुख्य ग्रुप पासवर्डच्या नोंदीत क्रमांक म्हणून लिहिलेला असतो. ग्रुपच्या सदस्य-यादीत त्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. यादीत नाव शोधून सदस्यत्व ठरवणारा प्रोग्राम ज्यांचा तो मुख्य ग्रुप आहे त्यांनाच बाहेर ठेवतो.

दुसरं कारण एसएसएसडीच्या सेटिंगमध्ये. मोठ्या डिरेक्टरीत वेग मिळावा म्हणून ॲडमिन "इग्नोर ग्रुप मेंबर्स" चालू करतात. मग गेटजीआरनॅम_आर ग्रुप देतं, क्रमांक बरोबर देतं, आणि यादी रिकामी देतं. एरर नाही, काही नाही.

म्हणून सदस्यत्वाचा प्रश्न यादीला विचारायचाच नाही. प्रश्न उलटा करा: या युजरचे ग्रुप कोणते? त्यासाठी गेटग्रुपलिस्ट आहे. युजरचं नाव आणि मुख्य ग्रुपचा क्रमांक द्या (तो गेटपीडब्ल्यूनॅम_आरने मिळतो, त्यालाही वरचाच ईरेंजचा नियम लागू), क्रमांकांसाठी ॲरे आणि त्याची क्षमता द्या. ॲरे लहान पडला तर उणे एक येतं आणि क्षमतेच्या जागी खरी संख्या भरली जाते. तेवढा ॲरे घेऊन पुन्हा बोलवा, आणि हेही लूपमध्येच ठेवा, कारण दोन कॉलच्या मध्ये कोणी त्याला नवीन ग्रुपमध्ये टाकू शकतं. संख्या वाढलेली दिसली नाही तर स्वतःच दुप्पट करा. फार जुन्या जीलिबसीत, २.३.३ च्या आधी, हे फंक्शन दिलेल्या क्षमतेपलीकडे लिहायचं. आज ती आवृत्ती भेटणार नाही, पण जुन्या कोडमध्ये "हे वापरू नका" अशी टीप सापडली तर ती कुठून आली ते कळावं म्हणून सांगितलं. मग मिळालेल्या क्रमांकांत ग्रुपचा क्रमांक शोधायचा. नावांची तुलना नाही, यादीच्या लांबीची काळजी नाही.

चालू प्रोसेसचे स्वतःचे ग्रुप हवे असतील तर गेटग्रुप्स. आधी शून्य आणि नल देऊन संख्या विचारायची, मग ॲरे. यात इफेक्टिव्ह ग्रुप (परवानगी तपासताना प्रोसेसचा धरला जाणारा ग्रुप) असेलच असं मानक सांगत नाही, तो वेगळा तपासा. गेटग्रुप्स आणि गेटग्रुपलिस्ट यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. पहिलं प्रोसेस सुरू झाली तेव्हाचं सांगतं, दुसरं डेटाबेसमधलं आजचं. सकाळी युजरला ग्रुपमध्ये टाकलं आणि तो कालपासून लॉगिन असेल, तर त्याच्या शेलला ते कळणार नाही. लॉगआउट करून परत यायला सांगा. आणि युजरला ग्रुपमध्ये टाकणारी युजरमॉड ही कमांड चालवताना मोठ्या "जी" सोबत लहान "ए" द्यायला विसरू नका. नाहीतर बाकीच्या सगळ्या पुरवणी ग्रुपमधून त्याचं नाव जातं आणि तुम्ही प्रोग्राममध्ये दोष शोधत बसता.

कॅशेही लक्षात घ्या. एसएसएसडी एकदा वाचलेली नोंद मुळात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास, जपून ठेवतो. नवीन सदस्य दीड तास न दिसणं हा तुमच्या सीचा दोष नाही. एसएसएस_कॅशे या कमांडला लहान "जी" आणि ग्रुपचं नाव देऊन ती नोंद शिळी ठरवता येते, एनएससीडी (नोंदी जपून ठेवणारी दुसरी सेवा) असेल तर त्याच्या "आय" पर्यायाला "ग्रुप" द्यायचं.

"कळलं नाही" आल्यावर काय करायचं

कोड दुरुस्त झाला तरी हा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो. प्रवेश देण्याचा प्रश्न असेल तर "कळलं नाही" म्हणजे आत्ता नकार, आणि लॉगमध्ये खरं कारण. पण परवानग्या काढून टाकण्याचं काम असेल, म्हणजे रात्री चालणारी साफसफाईची जॉब "ज्यांचा ग्रुप नाही ते फोल्डर बंद करा" असं करत असेल, तर "कळलं नाही" आल्यावर तिने काहीही न करता थांबलं पाहिजे. डिरेक्टरी सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला म्हणून चारशे फोल्डरचे ग्रुप उडवायचे का? शिवाय काही मॉड्यूल स्वतःची सेवा बंद असतानाही "नाही" असंच उत्तर देतात, तेव्हा निव्वळ "नाही" वरूनही एका फटक्यात काढून टाकणं टाळा. आधी जो ग्रुप असणारच अशी खात्री आहे, असा डिरेक्टरीतला एखादा ग्रुप विचारून बघा. तोही मिळत नसेल तर काम पुढे ढकला.

कुठे बोलावू नये

सिग्नल हँडलरमध्ये नाही. मल्टीथ्रेडेड प्रोग्रामने फोर्क केल्यावर, चाइल्डमध्ये एक्झेकच्या आधीही नाही. फोर्कच्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने लायब्ररीतलं लॉक धरलेलं असेल तर चाइल्डमध्ये ते सोडणारा कोणी नसतो आणि चाइल्ड कायमचा अडकतो. ग्रुपचे क्रमांक फोर्कच्या आधी काढून ठेवा. सीएचरूटच्या (प्रोसेसला एकाच फोल्डरपुरतं कोंडण्याच्या) बाबतीतही तेच: आत गेल्यावर एनएसएसची, म्हणजे ग्रुपची माहिती कुठून आणायची ते ठरवणाऱ्या व्यवस्थेची, कॉन्फिग आणि मॉड्यूल्स दिसेनाशी होतात, तेव्हा आधी विचारा, मग आत जा. रूटचे अधिकार सोडताना क्रम इनिटग्रुप्स, सेटजीआयडी, सेटयूआयडी असाच, आणि तिन्हींची परतीची मूल्यं तपासून. सेटयूआयडी आधी केलं की ग्रुप बदलायचा अधिकारच उरत नाही.

स्टॅटिक लिंक केलेल्या बायनरीवर लिंकर "चालवताना त्याच आवृत्तीची शेअर्ड लायब्ररी लागेल" असा इशारा देतो. ती वॉर्निंग दाबू नका. डिरेक्टरीतले ग्रुप एनएसएसच्या मॉड्यूलमधून येतात आणि ती मॉड्यूल्स चालताना लोड होतात. मसलमध्ये एनएसएस नाहीच. ती फाइल वाचते आणि एनएससीडीचा सॉकेट असेल तर त्याला विचारते.

तपासायचं कसं

सर्व्हिस ज्या युजरने चालते त्याच युजरने, त्याच कंटेनरमध्ये "गेटेंट ग्रुप" आणि नाव. आलं तर दोष प्रोग्राममध्ये, नाही आलं तर दोष कॉन्फिगमध्ये, आणि निम्मं काम इथेच होतं. मग एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारं साधन) लावून बघा की प्रोसेस खरोखर कोणती दारं ठोठावते: ईटीसीतली ग्रुपची फाइल, एसएसएसडीचा पाइप की एनएससीडीचा सॉकेट. एनएसस्विच कॉन्फमधली ग्रुपची ओळ वाचा. तिथे "सक्सेस इज इक्वल टू मर्ज" लिहिलेलं असेल, तर फाइलमधले आणि डिरेक्टरीतले सदस्य एकत्र होऊन येतात (जीलिबसी २.२४ पासून) आणि नोंद अपेक्षेपेक्षा मोठी होते.

क्रॅशसाठी ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करा. मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावणारी ओळ तो बोट ठेवून दाखवतो. थ्रेडच्या भानगडीसाठी थ्रेड सॅनिटायझर, पण दोन्ही एका बिल्डमध्ये चालत नाहीत. मात्र चाचणीत मोठा ग्रुप नसेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. रूट नसताना मोठा ग्रुप कसा बनवायचा? एनएसएस रॅपर नावाची छोटी लायब्ररी आहे, सांबाच्या मंडळींच्या सीरॅप प्रकल्पातली. एलडी प्रीलोडने ती लावायची, एन्व्हायर्नमेंटमध्ये स्वतःच्या पासवर्ड आणि ग्रुप फाइलचे पत्ते द्यायचे, आणि प्रोग्राम त्याच फाइल खऱ्या समजून वाचतो. त्यात एक ग्रुप रिकामा ठेवा, एक पाच जणांचा, एक दोनशे जणांचा, आणि एका युजरला असा मुख्य ग्रुप द्या ज्याच्या यादीत त्याचं नाव नाही. हे चार नमुने सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये) कायमचे बसवले की तिन्ही तक्रारी डेप्लॉयच्या आधीच पकडल्या जातात. सुरुवातीचा बफर मुद्दाम १६ बाइटचा ठेवून एक चाचणी चालवा, म्हणजे ईरेंजची वाट दर वेळी तुडवली जाईल.

एवढं सगळं बरोबर असूनही एखाद्याच आर्टिस्टला एनएफएसवरचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल सर्व्हरने दिलेला, फोल्डर उघडत नसेल, तर आयडी ही कमांड चालवून त्याचे ग्रुप मोजा. एनएफएसच्या नेहमीच्या ऑथ_सिस पद्धतीत एका विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ पुरवणी ग्रुप जातात. लिनक्स कर्नल २.६.४ पासून एका प्रोसेसला ६५५३६ ग्रुप चालतात, म्हणून मशीनवर सगळं ठीक दिसतं आणि सर्व्हरवर सतरावा ग्रुप पोचतच नाही. तुमचा सी प्रोग्राम "हा सदस्य आहे" म्हणतो ते खरंच असतं. दुरुस्ती फाइल सर्व्हरवर करायची: तिथल्या माउंटडी या एनएफएसच्या सेवेला "मॅनेज जीआयडीज" हा पर्याय द्या, मग तो क्लायंटने पाठवलेली यादी बाजूला ठेवून युजरचे ग्रुप स्वतः शोधतो. अर्थात त्यासाठी त्या सर्व्हरवरही एसएसएसडी नीट लावलेला असला पाहिजे, तेव्हा "गेटेंट ग्रुप" नावानिशी तिथेही एकदा चालवून बघा.